शून्य नाबाद: सी. टी. स्टडचं कारकीर्द-पत्रक करतानाच्या नोंदी

पावसाळ्यात मैदान बंद, रोलर ताडपत्रीखाली आणि स्कोअररला काम नाही. आमच्या क्लबच्या छोट्या स्कोअरिंग वर्गासाठी या दिवसांत एक उद्योग काढला. एकाच खेळाडूची कारकीर्द एका एक्सेल फाइलमध्ये आणि एका फ्लेक्सवर मांडायची, म्हणजे मुलांना आकडे कसे धरायचे, कसे तपासायचे ते हाताने कळेल. दुसऱ्या कुणाला असं पत्रक करायचं असेल तर उपयोगी पडतील म्हणून नोंदी ठेवतोय.

८ जून २०२५

खेळाडू ठरला: चार्ल्स थॉमस स्टड. जन्म २ डिसेंबर १८६०. शाळा ईटन, कॉलेज केंब्रिजचं ट्रिनिटी. विद्यापीठाकडून खेळला, मिडलसेक्सकडून खेळला, इंग्लंडकडून पाच कसोटी खेळला आणि चोविसावं पूर्ण व्हायच्या आत वरच्या दर्जाचं क्रिकेट सोडून मोकळा झाला. प्रथम श्रेणीत ४,३९१ धावा, सरासरी ३०.४९, ४४१ बळी, सरासरी १७.३६. त्या काळातल्या खेळपट्ट्या पाहता हे आकडे चेष्टेचे नाहीत. १८८२ आणि १८८३ अशा लागोपाठ दोन हंगामांत हजार धावा आणि शंभर बळी हा दुहेरी पराक्रम त्याने केला. त्याच्या आधी हे फक्त डब्ल्यू. जी. ग्रेसला जमलं होतं.

निवडीचं खरं कारण मात्र एक ओळ आहे. ज्या सामन्यावरून इंग्लंड-ऑस्ट्रेलिया मालिकेला ॲशेस हे नाव पडलं, त्या ऑगस्ट १८८२ च्या ओव्हल कसोटीच्या धावपत्रकात इंग्लंडच्या दुसऱ्या डावात शेवटून दुसरं नाव: स्टड, नाबाद ०. वर्गातल्या एका मुलीने गेल्या वर्षी ती ओळ पाहून विचारलं होतं, "सर, हा टिकला की खेळलाच नाही?" दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. आकड्यांवरून ती वेगळी करता येत नाहीत. फलक त्या ओळीभोवती उभा करायचा.

१० जून

क्लबचा जो साचा लीगच्या सामन्यांना वापरतो, तोच उघडून त्यात ओव्हलचे चारही डाव भरायला बसलो. पहिल्या तासाभरात साचाच निकामी ठरला.

स्ट्राइक रेट, चौकार, षटकार हे रकाने काढून टाकावे लागले, कारण फलंदाजाने खेळलेले चेंडू धावपत्रकात नाहीत. इथवर ठीक. पण तारीखच बसेना. एक्सेलचं कॅलेंडर १ जानेवारी १९०० ला सुरू होतं. २८/८/१८८२ टाइप केलं की तो त्याला तारीख न मानता मजकूर मानतो. क्रम लावता येत नाही, वय काढता येत नाही. लिबरऑफिसमध्ये ही अडचण येत नाही, पण मुलांच्या घरी एक्सेलच आहे.

यावर उपाय सापडला तो असा: वर्षात ४०० मिळवायचे. आपलं कॅलेंडर दर ४०० वर्षांनी वारासकट जसंच्या तसं परत येतं. त्यामुळे जन्म २ डिसेंबर २२६०, सामना २८ ऑगस्ट २२८२ असं भरलं की वय बरोबर निघतं: २१ वर्षं, ८ महिने, २६ दिवस. वारही सोमवार येतो, म्हणजे बरोबर. दाखवायच्या रकान्यात खरं साल वेगळं लिहायचं आणि हा हिशेबाचा रकाना लपवून ठेवायचा. लपवला नाहीत तर कुणीतरी येऊन विचारणारच की भविष्यकाळातला सामना कसा काय भरलात.

दुसरी कटकट गोलंदाजीच्या आकड्यांची. ७/४६ टाइप केलं की एक्सेल त्याचा जुलै १९४६ करून टाकतो. ऑस्ट्रेलियाच्या स्पॉफर्थने त्या सामन्यात दोन डावांत ७/४६ आणि ७/४४ घेतले, तर माझ्या पत्रकात दोन वेळा जुलै महिना. बळी आणि धावा वेगवेगळ्या रकान्यांत लिहा, तिरकी रेघ विसरा.

११ जून

आजचा दिवस दोन लाल चौकोनांत गेला.

आमच्या साच्यात एक ताळा आहे. गोलंदाजांनी दिलेल्या धावा, अधिक बाय, अधिक लेगबाय (बॅटला न लागता निघालेल्या धावा); ही बेरीज संघाच्या धावसंख्येशी जुळली नाही तर चौकोन लाल होतो. ऑस्ट्रेलियाचे दोन्ही डाव (६३ आणि १२२) जुळले. इंग्लंडचे दोन्ही लाल.

पहिला डाव: स्पॉफर्थ ४६, गॅरेट २२, बॉइल २४, बेरीज ९२. बाय ६, लेगबाय २. झाले १००. धावसंख्या १०१.

दुसरा डाव: स्पॉफर्थ ४४, बॉइल १९, गॅरेट १०, बेरीज ७३. बाय ३. झाले ७६. धावसंख्या ७७.

दोन्हीकडे एकच धाव कमी. पहिल्यांदा वाटलं, कुणाच्या तरी खात्यात आकडा उतरवताना सांडला. सगळ्या ओळी पुन्हा तपासल्या. फलंदाजांकडून बेरीज केली तर ती चोख येते: दुसऱ्या डावात ग्रेस ३२, हॉर्नबी ९, बार्लो ०, युलिएट ११, लुकस ५, लिटलटन १२, स्टील ०, रीड ०, बार्न्स २, स्टड नाबाद ०, पीट २, ७३, अधिक अवांतर ४. म्हणजे आकडे बरोबर, साचा चुकीचा.

संध्याकाळी नानांना फोन केला. नाना आमचे सगळ्यात जुने स्कोअरर, पेन्सिल कानावर ठेवून चहा पिणारे. मी दोन वाक्यं बोलतोय तोवर ते म्हणाले, "अरे, नोबॉल कुठे टाकलास?"

तेच होतं. दोन्ही डावांत एकेक नोबॉल आहे. आज नोबॉल आणि वाइड गोलंदाजाच्या खात्यावर जातात, पण ही पद्धत १९८० च्या दशकातली. त्याआधी ते निव्वळ अवांतर होते, गोलंदाजाच्या अंगाला लागत नसत. ताळ्यात नोबॉल आणि वाइड मिळवले आणि दोन्ही चौकोन हिरवे झाले.

हे लांबण लावून लिहिलं, कारण जुना कुठलाही सामना भरताना इथेच ठेच लागते. आणि लाल चौकोन दिसला की मनाने एक धाव कुठेतरी ढकलून तो हिरवा करायचा मोह होतो. तसं करू नका.

१४ जून

षटकं. स्पॉफर्थने पहिल्या डावात ३६.३ षटकं टाकली. साच्याने त्याचे २१९ चेंडू काढले. प्रत्यक्षात १४७. इंग्लंडमध्ये तेव्हा षटक चार चेंडूंचं होतं.

दशांश चिन्ह टाकून षटकं लिहिणं हीच मुळात वाईट सवय आहे. पूर्ण षटकं एका रकान्यात, वरचे चेंडू दुसऱ्यात, आणि 'या सामन्यात षटक किती चेंडूंचं' हा तिसरा रकाना. स्टडच्या सगळ्या कसोटींत तिथे ४ येतो, इंग्लंडमध्येही आणि ऑस्ट्रेलियातही. तरी रकाना प्रत्येक सामन्याला स्वतंत्र ठेवा. वर्गातल्या एका मुलाला पुढे रणजितसिंहजींचं पत्रक करायचंय, तेही केंब्रिजचेच. इंग्लंडमध्ये १८८९ पासून पाच चेंडू, १९०० पासून सहा. ऑस्ट्रेलियात मात्र १८९१-९२ पासूनच सहा. म्हणजे एकाच माणसाच्या पत्रकात त्याच काळात पाच आणि सहा दोन्ही येणार. वरती एकदाच आकडा टाकून ठेवलात तर सगळं पत्रक वाकडं.

चार चेंडूंचा हिशेब नीट बसल्यावर सामना वेगळाच दिसायला लागला. इंग्लंडचा दुसरा डाव ५५ षटकांचा म्हणतात, पण चेंडू २२०. आजच्या मापाने ३६ षटकं ४ चेंडू. ऑस्ट्रेलियाने ६३ धावांसाठी ८० षटकं घेतली, म्हणजे ३२० चेंडू. बार्लोची ३१ षटकं, २२ निर्धाव, १९ धावा, ५ बळी हे ऐकायला अचाट वाटतं. चार चेंडू निर्धाव टाकणं आणि सहा टाकणं यात फरक आहे हे मुलांना इथे दाखवता येईल. स्टडच्या वाट्याला दुसऱ्या डावात गोलंदाजी आली ती ४ षटकांची: १ निर्धाव, ९ धावा, बळी नाही. सोळा चेंडू. पहिल्या डावात चेंडू हातात आलाच नाही. ज्याने त्याच हंगामात शंभरावर बळी घेतले, त्याला कप्तान हॉर्नबीने एवढंच वापरलं.

१९ जून

आडनावांनी दोन संध्याकाळी खाल्ल्या.

१८८२-८३ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्याचे चार सामने भरले आणि आडनावावरून शोधून बेरीज करणारा फॉर्म्युला लावला. स्टडच्या कसोटी धावा आल्या १९१. असायला हव्यात १६०. जास्तीच्या ३१ त्याच्या भावाच्या. जॉर्ज, म्हणजे जी. बी. स्टड, त्याच दौऱ्यात चारही कसोटी खेळला.

स्टड मंडळींत तिघं भाऊ केंब्रिजकडून खेळले आणि ओळीने कप्तान झाले: १८८२ ला जॉर्ज, १८८३ ला चार्ल्स, १८८४ ला थोरला कायनास्टन. मोठ्याचा नंबर शेवटी. हाच कायनास्टन पुढे १९२८ मध्ये लंडनचा लॉर्ड मेयर झाला.

रीडचंही तसंच. ओव्हलवर खेळला तो मॉरिस रीड, व्यावसायिक खेळाडू. पहिल्या डावात नाबाद १९, दुसऱ्यात ०. ऑस्ट्रेलियाला गेला तो वॉल्टर रीड, हौशी. फॉर्म्युल्याने दोघांना एक करून एक नवाच फलंदाज जन्माला घातला होता.

आता प्रत्येक माणसाला संकेतांक दिला आहे, आडनावावर काहीच शोधायचं नाही. शिवाय 'हौशी की व्यावसायिक' असा रकाना वाढवला. हा रकाना आधी काढून टाकणार होतो, मुलांना कशाला हा सरंजामी थाट म्हणून. पण त्या काळी धावपत्रकावर नाव कसं छापायचं हेसुद्धा त्यावर ठरायचं: हौशी माणसाला 'मिस्टर' किंवा आद्याक्षरं, पैसे घेऊन खेळणाऱ्याचं नुसतं आडनाव. ओव्हलच्या शेवटच्या पाच मिनिटांत याचा संबंध येतो, म्हणून रकाना राहिला.

२२ जून

कसोटी भाग पूर्ण. स्टडचे नऊ डाव ओळीने: ओव्हल ० आणि नाबाद ०, मेलबर्न ० आणि २१, मेलबर्न १४, सिडनी २१ आणि २५, पुन्हा सिडनी ४८ आणि ३१. बेरीज १६०. बळी ३.

यातल्या शेवटच्या सामन्यात प्रत्येक डावाला नवी खेळपट्टी वापरली होती, प्रयोग म्हणून. एका सामन्याला चार खेळपट्ट्या. आमच्या मैदानाच्या माळीबुवांना हे सांगितलं तर ते राजीनामा देतील.

आज वर्गात सरासरी काढायला दिली. अर्ध्या मुलांनी १६० भागिले ९ केलं: १७.७७. बाकीच्यांनी नाबाद डाव वगळून भागिले ८: बरोबर २०. नियमाप्रमाणे दुसरं उत्तर खरं. मग तीच मुलगी म्हणाली, "म्हणजे सर, एकही चेंडू न खेळल्यामुळे त्याची सरासरी सव्वादोनने वाढली?"

वाढली. वर्गात थोडा गोंधळ झाला, कारण नाबाद डाव वगळायची सूट टिकून राहिलेल्याला आहे असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. पत्रकात 'खेळलेले चेंडू' हा रकाना मी काढून टाकला होता, तो आता फक्त या एका डावासाठी परत आणला. बाकी सगळीकडे रिकामा, इथे ०. एकाच आकड्यासाठी अख्खा रकाना ठेवलेला पाहून एक्सेल शिकवणाऱ्या माणसाला झीट येईल. येऊ दे.

२३ जून

काल वेळ पुरला नाही, म्हणून आज संध्याकाळी मुलांना पुन्हा बोलावलं आणि तो चौथा डाव खडूने फळ्यावर चालवला. हाताशी होतं ते गडी बाद होण्याचं टिपण: १५, १५, ५१, ५३, ६६, ७०, ७०, ७५, ७५, ७७. लक्ष्य ८५.

यातून भागीदाऱ्या काढायच्या: १५, ०, ३६, २, १३, ४, ०, ५, ०, २. बेरीज ७७ आली की काम बरोबर. हा व्यायाम मुलांना फार आवडला. धावपत्रकापेक्षा या दहा आकड्यांत सामना जास्त दिसतो. २ बाद ५१ म्हणजे ३४ धावा हव्यात आणि आठ गडी हातात. ग्रेस खेळतोय. तिथून आठ गडी २६ धावांत.

स्टड कुठे होता? पहिल्या डावात तो सहाव्या क्रमांकावर आला होता, स्पॉफर्थने शून्यावर त्रिफळा उडवला. दुसऱ्या डावात हॉर्नबीने क्रम हलवला आणि स्टडला मागे मागे ठेवत दहावा पाठवला. मुलांना हे पटेना, आणि मलाही पटत नाही. याच पोराने याच ऑस्ट्रेलियन संघाविरुद्ध त्याच उन्हाळ्यात दोन शतकं ठोकली होती: केंब्रिजकडून ११८, एमसीसी (मेरिलबोन क्रिकेट क्लब) कडून लॉर्ड्‌सवर ११४. केंब्रिजच्या विद्यार्थ्यांनी तर तो सामना सहा गडी राखून जिंकला होता, तिन्ही स्टड संघात असताना. इंग्लंडला जे ओव्हलवर जमलं नाही ते या कॉलेजच्या पोरांनी आधीच करून दाखवलं होतं.

दिवस गारठ्याचा होता. त्या काळचा फलंदाज सी. आय. थॉर्नटन याच्या आठवणीत स्टड अंगाभोवती घोंगडी गुंडाळून पॅव्हिलियनमध्ये फेऱ्या मारताना दिसतो. आठवा गडी, लुकस, ७५ वर पडला तेव्हा तो आत आला. समोर बार्न्स. बॉइलने बार्न्सला मरडॉककरवी झेलबाद केलं, धावसंख्या ७५ च. अकरावा पीट आला. पहिल्याच फटक्यात दोन धावा. आता आठ हव्यात. दुसऱ्या टोकाला हंगामातला एक उत्तम फलंदाज उभा आहे, पीटने एक धाव काढून त्याला समोर आणायचं. पीटने पुन्हा बॅट फिरवली आणि बॉइलने त्याचा त्रिफळा उडवला. सात धावांनी पराभव.

पीटला नंतर विचारलं तर तो म्हणाला, मला मिस्टर स्टडवर भरवसा ठेवता येईना. अशी गोष्ट सांगतात. खरी असो नसो, त्यातला 'मिस्टर' मात्र बरोबर जागी आहे. यॉर्कशायरचा व्यावसायिक केंब्रिजच्या साहेबाबद्दल बोलतोय.

मुलांनी फळ्यासमोर प्रत्यक्ष उभं राहून तो शेवट खेळून पाहिला. स्टड झालेला मुलगा बॅट टेकून नुसता उभा राहिला, मध्येच म्हणाला, "मी काय करू?" काही करायचं नव्हतं.

२९ जून

फलकाचा मजकूर लिहिला, आणि त्यावरून नानांशी वाजलं.

माझ्या मजकुरात ॲशेसची पुढची कथा होती. १८८२-८३ चा आयव्हो ब्लायच्या कप्तानीखालचा इंग्लंडचा संघ, पहिली कसोटी हरून पुढच्या दोन जिंकलेली, रूपर्ट्‌सवूडच्या हवेलीतल्या मुक्कामातून निघालेला, ॲशेसचं प्रतीक मानला जाणारा तो सुमारे ११ सेंटिमीटरचा मातीचा कलश, आणि त्यावर चिकटवलेल्या चार-सहा ओळी, ज्या मेलबर्न पंच या साप्ताहिकात १ फेब्रुवारी १८८३ ला छापून आल्या होत्या. त्या ओळींत 'स्टड' अनेकवचनात आहे, मग स्टील, रीड, टायलकोट. १९ तारखेला जिने डोकं खाल्लं तीच जोडगोळी लॉर्ड्‌सच्या संग्रहालयात त्या कलशावर आहे. हे सगळं नानांनी चालवून घेतलं.

भांडण पुढच्या परिच्छेदावर झालं. १८८३ च्या अखेरीस जॉर्ज फार आजारी पडला, मरणाच्या दारात गेला. त्याच्या उशाशी बसून चार्ल्सचं मन बदललं. वाचलेला जॉर्ज पुढे जगला. बदललेला चार्ल्स १८८४ च्या हंगामानंतर वरच्या दर्जाच्या क्रिकेटमध्ये परत आला नाही. फेब्रुवारी १८८५ मध्ये केंब्रिजशी संबंधित सात तरुण चीनला मिशनरी म्हणून निघाले, त्यात हा होता. वर्तमानपत्रांनी त्यांना 'केंब्रिजचे सात' म्हटलं. वडिलांची मिळकत तिरहूतच्या निळीच्या मळ्यांतली. वाट्याला आलेले सुमारे २९ हजार पौंड त्याने वाटून टाकले.

नाना म्हणाले, "क्रिकेटचं पत्रक आहे, कीर्तन नको." मी म्हटलं, "नाना, २४ व्या वर्षी आकडे थांबतात. मुलं विचारणारच की पाय मोडला का?" ते म्हणाले, "मग एक ओळ लिही. 'खेळणं सोडलं.' बास."

मला ते पटलं नाही. दुखापतीने संपलेली आणि स्वतः संपवलेली कारकीर्द पत्रकात सारखीच दिसते, जसं टिकलेलं शून्य आणि न खेळलेलं शून्य सारखं दिसतं. शेवटी तोडगा निघाला: 'शेवटचा हंगाम' या रकान्याशेजारी 'थांबण्याचं कारण' हा रकाना, आणि त्यात जास्तीत जास्त वीस शब्द. प्रत्येक खेळाडूला सक्तीचा. धर्मप्रसाराबद्दल कुणाचं काय मत आहे ते फलकावर नको, कारण मात्र हवं.

एक गोष्ट मात्र मी नानांना न विचारता पत्रकाच्या मागच्या पानावर ठेवली, कारण ती आपल्याकडची आहे. वाटलेल्या पैशांतले पाच हजार पौंड बूथ-टकरकडे, हिंदुस्थानातल्या मुक्तिफौजेसाठी (साल्व्हेशन आर्मी) आले. ही मुक्तिफौज घेऊन हाच टकर मुंबईला उतरला ती तारीख १९ सप्टेंबर १८८२. ओव्हलची कसोटी संपल्याला बरोबर तीन आठवडे झाले होते. मुक्तिफौजेचं नाव नगरकडच्या मुलांना माहीत असतं. वर्गातल्या एकाने लगेच सांगितलं की त्याच्या आजीचं बाळंतपण त्यांच्या दवाखान्यात झालं. स्टड स्वतः १९०० ते १९०६ उटीच्या चर्चमध्ये पाळक होता, मग आफ्रिकेत गेला आणि १६ जुलै १९३१ ला काँगोत इबांबी इथे वारला.

५ जुलै

फ्लेक्स. तीन बाय चार फूट, तीनशे रुपये, आणि पूर्ण वाया.

दुकानदाराने मजकूर त्याच्या नेहमीच्या जुन्या फॉन्टमध्ये बदलून घेतला. तो फॉन्ट युनिकोड नाही. त्यात 'ॲ' हे अक्षरच नाही, त्यामुळे 'ॲशेस' च्या जागी एक रिकामी चौकट आणि पुढे 'शेस'. 'स्पॉफर्थ' चा रफार उडून पुढच्या शब्दावर बसला. 'लॉर्ड्‌स' चं काय झालं ते लिहिण्यासारखं नाही. आकड्यांत ७ आणि १ ची जागा बदलली नाही हेच नशीब. दुकानातला मुलगा म्हणाला, "काका, लग्नाच्या फ्लेक्सला कधी असला प्रॉब्लेम येत नाही." लग्नाच्या फ्लेक्सवर स्पॉफर्थ नसतो.

मजकूर टाइप केलेली फाइल कुणाला देऊच नये. घरी युनिकोड फॉन्टमध्ये पूर्ण मांडणी करून, फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ द्यायची, आणि छापण्याआधी पडद्यावर 'ॲ', 'ऑ', रफार आणि पाय मोडलेली अक्षरं बोट ठेवून वाचायची. दुसरी खेप दुसऱ्या दुकानात केली. आणखी तीनशे. लॅमिनेशन नको म्हटलं, शेडमध्ये ओल येते आणि आत पाणी धरतं.

९ जुलै

फलक शेडमध्ये लागला. वरच्या भागात ओव्हलचा चौथा डाव, भागीदाऱ्यांच्या दहा उभ्या पट्ट्या. त्यातल्या तीन पट्ट्या शून्याच्या, म्हणून तिथे नुसती काळी रेघ. खाली कसोटीचे नऊ डाव. उजवीकडे 'थांबण्याचं कारण', अठरा शब्दांत.

नाना येऊन बराच वेळ पाहत होते. मग म्हणाले, पीटच्या दोन धावांच्या पट्टीला रंग वेगळा हवा होता. हवा होता खरा.

एक्सेलची कोरी फाइल क्लबच्या ग्रुपवर टाकली आहे. घेणाऱ्याने तीन गोष्टी आधी बदलाव्यात: षटकातले चेंडू, नोबॉल-वाइडचा ताळा आणि माणसांचे संकेतांक. रणजींचं पत्रक करणाऱ्या मुलाने कालच फोन करून विचारलं की पाच चेंडूंच्या षटकात ४.५ असं कसं येईल. येणार नाही. असा आकडा दिसला तर पत्रक तिथेच थांबवून मूळ धावपत्रक बघ, असं त्याला सांगितलंय.